अकराव्या चालीला काय करायचे?

उन्हाळी सुट्टीतल्या कुठल्याही शालेय बुद्धिबळ स्पर्धेत हे हमखास पाहायला मिळते. घड्याळ सुरू होते आणि समोरासमोर बसलेली दोन मुले पहिल्या दहा चाली अर्ध्या मिनिटात उरकून टाकतात. घोडे बाहेर, उंट बाहेर, कॅसलिंग, सगळे तोंडपाठ. मग एकाचा हात अचानक थांबतो. पुस्तकातली लाइन संपलेली असते. पोझिशन चांगली आहे असा शेरा पुस्तकात होता, पण चांगली म्हणजे काय आणि आता करायचे काय, याबद्दल एक अक्षरही नव्हते. पुढच्या चार-पाच चालींत तो उंट मागे नेतो, तोच उंट पुन्हा पुढे आणतो, कडेचे एक प्यादे उगीच ढकलतो आणि डाव घसरायला लागतो. हॉलबाहेर वडील म्हणतात, ‘ओपनिंग कच्चे आहे, दुसरे पुस्तक घेऊ या.’

खरे तर मुलाला ओपनिंग येत होते. त्यातून उभा राहणारा डाव कसा खेळतात, हे त्याला कुणी दाखवले नव्हते. ‘आपल्या शैलीला साजेसे ओपनिंग निवडा’ असा सल्ला सगळेच कोच देतात. पण शैली नेमकी जुळवायची कशाशी? पहिल्या चार चालींकडे बघून ते कळत नाही. त्यासाठी पंधराव्या चालीच्या सुमारास पट कसा दिसतो ते पाहावे लागते.

ओपनिंगमध्ये ठरते काय?

पांढऱ्याला पहिली चाल २० प्रकारे करता येते आणि काळ्यालाही तितक्याच प्रकारे उत्तर देता येते. म्हणजे एकेक चाल झाली की ४०० शक्यता. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की चालींचे क्रम १,९७,२८१ होतात. हा पसारा आवरायला बेलग्रेडच्या ‘शहोव्स्की इन्फॉर्माटर’ या प्रकाशनसंस्थेने ओपनिंगचा कोश काढला. त्यात ए०० ते ई९९ असे ५०० सांकेतिक क्रमांक आहेत. यातले सगळे कुणालाच येत नाही, विश्वविजेत्यालाही नाही.

पण पाठांतर बाजूला ठेवले तर प्रत्येक ओपनिंग तीनच कामे करत असते: पटाच्या मध्यावर हक्क सांगणे, मोहरे घरातून बाहेर काढणे आणि राजाला आडोसा देणे. ही कामे चालू असताना चौथी एक गोष्ट आपोआप घडते आणि पुढचा सगळा डाव तिच्यावर चालतो. ती म्हणजे प्याद्यांची रचना. घोडा चुकला तर परत आणता येतो, उंटही माघार घेऊ शकतो. प्यादे मात्र कधीच मागे येत नाही. त्यामुळे पहिल्या दहा-बारा चालींत प्यादी जिथे बसतात, तिथे ती बराच काळ बसून राहतात. कुठली उभी रांग मोकळी होईल, कोणत्या उंटाला वाट मिळेल, कुणाचा घोडा कुठे ठाण मांडेल, हे सगळे त्यांच्यावर अवलंबून असते.

क्रिकेटमध्ये यजमान संघ आपले गोलंदाज पाहून खेळपट्टी बनवून घेतो. ओपनिंग म्हणजे आपल्या मोहऱ्यांसाठी खेळपट्टी बनवणेच. अडचण एवढीच की इथे दोन्ही संघ एकाच वेळी रोलर फिरवत असतात.

एका घराचा फरक

हे नीट कळायला दोन बचाव शेजारी ठेवून पाहू. पटाच्या उभ्या रांगांना ए ते एच आणि आडव्या रांगांना १ ते ८ अशी नावे असतात. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे ई४ वर आणले. काळ्याला पुढच्या चालीत डी५ वर प्यादे आणून त्याला भिडायचे आहे, पण आधी त्या प्याद्याला आधार हवा. हा आधार ई६ वरून देता येतो किंवा सी६ वरून. ई६ म्हणजे फ्रेंच बचाव, सी६ म्हणजे कारो-कान. होरेशियो कारो आणि मार्कस कान या १९व्या शतकातल्या दोन खेळाडूंवरून दुसऱ्याचे नाव पडले.

आता पांढरा डी४ खेळतो, काळा डी५, आणि पांढरा प्यादे पुढे सरकवून ई५ वर नेतो. फ्रेंचमध्ये पट आता गोठतो. पांढऱ्याची डी४ आणि ई५ वरची प्यादी तिरकी साखळी करतात. तिचे टोक काळ्याच्या राजाच्या बाजूला रोखलेले असते. काळ्याची ई६-डी५ ही साखळी उलट, वजिराच्या बाजूला रोखलेली. ज्या बाजूला आपल्या साखळीचे टोक, त्या बाजूला आपल्याला जागा जास्त, म्हणून हल्लाही तिकडेच करायचा. पांढरा राजाच्या बाजूने चढाई करतो. त्याच्या ई५ च्या प्याद्यामुळे काळ्याच्या घोड्याला एफ६ हे हक्काचे घर मिळत नाही. काळा सी५ खेळून साखळीच्या मुळावर, डी४ वर, घाव घालतो. मग घोडा सी६ वर, वजीर बी६ वर, दुसरा घोडा ई७ वरून एफ५ वर, आणि सगळे मिळून त्या एका डी४ च्या प्याद्यावर तुटून पडतात.

योजना इतकी स्वच्छ आहे की अकराव्या चालीला काय करायचे हा प्रश्नच येत नाही. तिची किंमतही ठरलेली आहे. सी८ वरच्या उंटाच्या तोंडावर आपलेच ई६ चे प्यादे उभे असते. कित्येक डावांत हा उंट विसाव्या चालीपर्यंत घरातच बसलेला असतो. फ्रेंच खेळणाऱ्याला हे सोसावे लागते.

कारो-कानमध्ये त्याच ई५ नंतर काळा आधी उंट एफ५ वर काढतो आणि मगच ई६ खेळतो. उंट सुटला. पण सी५ चा तो घाव आता दोन हप्त्यांत बसतो: प्यादे आधी सी६ वर, मग सी५ वर. एक चाल वाया गेली. शिवाय सी६ वर प्यादे असल्याने घोड्याला त्याचे आवडते घर मिळत नाही. फ्रेंचमध्ये काळा कोंडमारा सोसून लवकर उलटा हल्ला करतो. कारो-कानमध्ये आधी घर नीट लावून घेतो आणि हल्ल्याची घाई करत नाही. मिखाईल ताल हा बुद्धिबळातला सगळ्यात भन्नाट हल्लेखोर. १९६० आणि १९६१ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतींत त्याच्यासमोर बोत्विनिकने पुनःपुन्हा कारो-कान काढला. पहिली लढत तालने जिंकली, दुसरी बोत्विनिकने.

कोणता बचाव चांगला, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. बंद खोलीत दम कोंडला तरी ज्याचे डोके थंड राहते त्याने फ्रेंच खेळावा. आपला एखादा मोहरा अडकून पडला आहे या विचाराने ज्याला चैन पडत नाही, त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

एकटे प्यादे

शैली ओळखण्याची एक कसोटी मला फार उपयोगी वाटते. वजिराच्या ओपनिंगमधून अनेकदा अशी रचना तयार होते की पांढऱ्याचे एक प्यादे डी४ वर उभे असते आणि त्याच्या शेजारच्या सी आणि ई या दोन्ही रांगांत पांढऱ्याचे दुसरे प्यादे नसते. याला एकाकी प्यादे म्हणतात. त्याला प्याद्याचा आधार मिळू शकत नाही. राखायचे तर मोहरेच राबवावे लागतात.

मोहरे पटावर भरपूर असतील तर हे प्यादे ताकद देते. सी आणि ई या रांगा हत्तींना मोकळ्या मिळतात, ई५ वर घोडा रोवता येतो, उंट काळ्याच्या राजाकडे रोखता येतात, आणि डी५ अशी धडक मारून मध्य फोडण्याची टांगती तलवार असतेच. पण दोन-तीन मोहऱ्यांची मारामारी झाली की चित्र पालटते. हल्ला ओसरतो, काळ्याचा घोडा डी५ वर प्याद्यासमोरच ठाण मांडतो आणि त्या एकट्याची राखण करण्यात पांढऱ्याचा उरलेला डाव जातो.

ही पोझिशन पाहून तुम्हाला कोणत्या बाजूने बसावेसे वाटते? पटकन ‘पांढऱ्याच्या’ म्हणणाऱ्याला हल्ल्यात रस आहे आणि वेळेचे दडपण चालते. ‘काळा द्या, सावकाश मारतो’ म्हणणाऱ्याला एंडगेमची ओढ आहे. ‘मी आक्रमक’ किंवा ‘मी बचावात्मक’ असे स्वतःबद्दल जाहीर करण्यापेक्षा हे उत्तर खरे असते. तालचे डाव पाहून आपणही ताल आहोत असे वाटण्याचा काळ प्रत्येक खेळाडूच्या आयुष्यात येऊन जातो. काहींच्या बाबतीत तो जातच नाही.

पाठांतराचे ओझे

शैलीच्या गप्पांत एक रुक्ष हिशेब बाजूला पडतो: या ओपनिंगला आठवड्याचे किती तास लागतात?

सिसिलियन बचावातली नायडॉर्फ ही शाखा घ्या. ई४ ला सी५ असे उत्तर देऊन काळा पहिल्याच चालीत तोल बिघडवतो आणि पाचव्या चालीला ए६ असे वरकरणी निरुपद्रवी प्यादे ढकलतो. त्यानंतर दोन्ही राजे अनेकदा विरुद्ध बाजूंना कॅसलिंग करतात आणि जो आधी पोहोचेल तो जिंकतो. इथे एक चाल विसरली तर डाव गेला. बॉबी फिशर आयुष्यभर नायडॉर्फ खेळला; तरीही १९७२ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत, अकराव्या डावात, बी२ वरचे ‘विषारी प्यादे’ खाऊन त्याचा वजीर स्पास्कीच्या गोटात सापडला आणि तो हरला. नोकरी-संसार सांभाळून रविवारच्या स्पर्धा खेळणाऱ्याने हा खेळ करावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसऱ्या टोकाला लंडन पद्धत आहे. पांढरा डी४ खेळतो, काळ्या घरांचा उंट एफ४ वर काढतो, मग ई३ आणि सी३ वर प्यादी, घोडे एफ३ आणि डी२ वर, दुसरा उंट डी३ वर. काळा काहीही करो, मांडणी तीच. एका रविवारी शिकता येते. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही, ती डोळे मिटून खेळणाऱ्यांबद्दल आहे. काळ्याने लवकर सी५ आणि वजीर बी६ खेळून बी२ च्या प्याद्यावर नेम धरला की या मंडळींना पहिला घाम फुटतो, कारण उंट बाहेर गेल्यावर बी२ ची राखण कोण करणार याचा विचार त्यांनी कधी केलेलाच नसतो.

कॉम्प्युटरचे आकडे पाहून ओपनिंग निवडणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या चालीनंतर संगणक पाव-अर्ध्या प्याद्याचा फरक दाखवतो. क्लबच्या पातळीवर तो फरक पहिल्या चुकीबरोबर वाहून जातो. राजाचा गॅम्बिट, म्हणजे दुसऱ्याच चालीला एफ४ चे प्यादे देऊ करणे, संगणकाला आवडत नाही. १९६० मध्ये स्पास्कीने याच गॅम्बिटने फिशरला हरवले, तेव्हा फिशरने पुढच्या वर्षी तो खोडून काढणारा लेखच लिहिला. आणि १९६३ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत तोच गॅम्बिट स्वतः खेळून तो जिंकला!

चौकट: आपले डाव तपासताना

शेवटचे वीसेक डाव काढा. जिंकलेले आणि हरलेले, दोन्ही. प्रत्येकात पंधराव्या चालीची पोझिशन मांडा आणि पाहा:

– इथे आपल्याला काय करायचे होते, ते एका वाक्यात सांगता येते का?
– घड्याळातला सगळ्यात जास्त वेळ कुठे गेला: हिशेब करण्यात की योजना शोधण्यात?
– दोन्ही वजीर पटावरून गेल्यावर आपला खेळ सुधारतो की ढिला पडतो?
– पट बंद असताना हरलो की उघडा असताना?
– हरताना एकदम मोठी चूक झाली की हळूहळू गुदमरलो?

समोरच्यालाही मत असते

तुम्ही राजाच्या गॅम्बिटची जय्यत तयारी करून येता, ई४ खेळता, आणि समोरचा ई५ ऐवजी सी५ खेळतो. गॅम्बिट घरी राहिला. तुम्ही बंद पटाच्या आशेने फ्रेंच खेळता आणि पांढरा तिसऱ्या चालीला डी५ वर मारामारी करून टाकतो. पट सताड उघडा आणि दोन्हीकडची प्यादी आरशातल्यासारखी सारखी. म्हणून ई४ खेळणाऱ्याला सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान आणि ई५, या सगळ्यांवर काहीतरी उत्तर बाळगावे लागते. ‘माझी शैली’ हा प्रश्न एकट्याने सुटत नाही.

याचे सगळ्यात गाजलेले उदाहरण २००० सालचे. ऑक्टोबरमध्ये लंडनला गॅरी कास्पारॉव विश्वविजेतेपद राखायला बसला तेव्हा १५ वर्षे ते त्याच्याकडे होते. पटावर वजीर असेपर्यंत आणि पुढाकार हातात असेपर्यंत त्याला आवरणारा माणूस जगात नव्हता. व्लादिमिर क्रामनिकने काळ्या मोहऱ्यांनी त्याच्या ई४ समोर बर्लिन बचाव काढला. हे जुने, निरस समजले जाणारे ओपनिंग. आठ चालींत दोन्ही वजीर पटावरून जातात. काळ्याचा राजा वजिराला मारून डी८ वर येतो, म्हणजे कॅसलिंगचा हक्क गेला. सी रांगेत काळ्याची दोन प्यादी एकामागे एक अडकतात. कागदावर पांढऱ्याचे सगळे चांगले. पण काळ्याकडे दोन्ही उंट असतात, पांढऱ्याला आत शिरायला फट सापडत नाही, आणि मुख्य म्हणजे हल्ला करायला वजीरच नसतो. कास्पारॉव या भिंतीवर पुनःपुन्हा धडकला आणि प्रत्येक वेळी बरोबरी घेऊन परतला. लढत क्रामनिकने ८.५–६.५ अशी जिंकली. कास्पारॉवला एकही डाव जिंकता आला नाही.

क्रामनिकला संथ, वजिरांशिवायचा डाव आवडायचा हे खरे. पण तेवढ्याने भागले नसते. आपल्याला जमते आणि समोरच्याला टोचते, अशी जागा त्याने शोधली.

आठ वर्षांनी हेच अस्त्र क्रामनिकवर उलटले. २००८ मध्ये बॉन इथे विश्वनाथन आनंद त्याच्यासमोर बसला. आनंदची कारकीर्द ई४ वर उभी राहिलेली, आणि ई४ ला क्रामनिकचे बचाव पोलादी. आनंदने डी४ खेळायला सुरुवात केली. काळ्या मोहऱ्यांनी त्याने सेमी-स्लाव बचावातली मेरान नावाची भडक शाखा निवडली आणि तिसरा व पाचवा डाव तिच्यातच जिंकला. क्रामनिकला हवे असलेले शांत पाणी त्याला मिळूच दिले नाही. लढत ६.५–४.५ अशी आनंदची झाली.

देशी वळण

ओपनिंगच्या यादीत ‘इंडियन’ हे विशेषण वारंवार भेटते: किंग्ज इंडियन, निम्झो-इंडियन, क्वीन्स इंडियन. ते उगीच आलेले नाही. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे. मध्य झटकन बळकावता येत नसे, म्हणून घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवून उंट त्यामागे लांब कर्णावर बसवणे ओघानेच यायचे. १९व्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉक्रन या ब्रिटिश बॅरिस्टरशी मोहेशचंद्र बॅनर्जी युरोपीय नियमांनी खेळले, तेव्हाही त्यांनी हे वळण सोडले नाही. तेव्हा विचित्र वाटलेल्या या मांडण्या पुढच्या शतकात जगभर रुजल्या. किंग्ज इंडियनमध्ये काळा समोरच्याला अख्खा मध्य घेऊ देतो आणि मग ई५ किंवा सी५ ने त्याला खिंडार पाडतो. मध्य बंद झाला तर पांढरा वजिराच्या बाजूने येतो, काळा राजाच्या बाजूची प्यादी सोडून थेट राजावर. फिशर आणि कास्पारॉव, दोघांचाही हा आवडता बचाव.

आणि ओपनिंगवाचूनही किती मजल मारता येते, ते पंजाबच्या मीर सुलतान खानने दाखवले. देशी नियमांवर वाढलेला हा माणूस १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेता झाला. १९३०–३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवले. ओपनिंगमध्ये तो अनेकदा मागे पडायचा आणि मधल्या डावात व एंडगेममध्ये सगळे भरून काढायचा. जागतिक संघटनेने, फिडेने, त्याला मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये, मरणोत्तर.

मग सुरुवात कुठून?

लहान मुलांनी शैलीबिली शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वयात जिला शैली म्हणतात ती बहुतेक वेळा भीती असते: हिशेब चुकेल म्हणून वजीर मारून टाकायचे, किंवा योजना सुचत नाही म्हणून शह देत सुटायचे. त्यांनी ई४-ई५ चे उघडे डाव खेळावेत. इटालियनमध्ये उंट सी४ वर येतो आणि एफ७ वर रोखतो. त्या घराची राखण फक्त राजा करत असतो, त्यामुळे मोहरे बाहेर काढायला आळस केला की शिक्षा पाच-सहा चालींत मिळते. फ्रेंचमध्ये तीच चूक तिसाव्या चालीला उघडी पडते आणि मुलाला कळतच नाही की बिघडले कुठे.

मोठ्यांचे गणित वेगळे आहे. पांढऱ्यासाठी एक ओपनिंग, काळ्यासाठी ई४ ला एक आणि डी४ ला एक, एवढे पुरे. निवडताना पुस्तकाआधी एक खेळाडू निवडावा. कारो-कानसाठी कारपॉव, फ्रेंचसाठी कोर्चनॉय, किंग्ज इंडियनसाठी कास्पारॉव. त्याचे पंधरा-वीस डाव पटावर मांडून, पहिल्या चालीपासून शेवटच्यापर्यंत खेळून पाहावेत; पंधराव्या चालीला थांबू नये. फ्रेंचमधला सी८ चा तो उंट शेवटी सुटतो कसा, कधी डी७ वरून ई८ आणि मग एच५ वर, कधी बी६ खेळून ए६ वर येऊन समोरच्या उंटाशी अदलाबदल करून, हे ओपनिंगच्या पुस्तकात सहसा छापलेले नसते, कारण त्याची लाइन तोवर संपलेली असते.